वाचकाने थांबू नये

४ मार्च

काम मिळालं. वाचायचं.

अपंगांच्या संस्थेतल्या बाईंनी पत्ता दिला होता, तिथे गेले. दुसरा मजला. दारात चपला अगदी एका रेषेत. का ते आत गेल्यावर कळलं. घरात एका माणसाला दिसत नाही, म्हणून तिथली कुठलीच वस्तू जागेवरून हलत नाही. मी पर्स खुर्चीवर ठेवली तर त्याच्या बायकोने काही न बोलता उचलून खुंटीला अडकवली.

माणूस चाळिशीतला. नेटवर्क इंजिनियर. म्हणजे कंपनीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि जोडलेले ठेवायचे. दोन वर्षांत नजर गेली — आधी कडेने, मग मधून. कामाचं सर्टिफिकेट जुलैअखेर संपतंय. परीक्षा पुन्हा द्यायची. घरी त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्याशी बोलतो, इतक्या भरभर की मला एक शब्द लागला नाही. पण परीक्षा केंद्रात स्वतःचं काही न्यायला बंदी. म्हणून वाचणारा माणूस. घरचा चालत नाही.

मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

"उत्तम," ते म्हणाले. "कळणारा नकोच होता." मग जरा थांबून — "आवाज ओळखीचा आहे तुमचा. बसस्टँडवर होतात का?"

होते. सव्वीस वर्षं. गाडी लागली, गाडी सुटली, गाडीला उशीर. आता तिथे मशीन बोलतं. हे मी कुणाला आपणहून सांगत नाही. आज सांगितलं.

७ मार्च

केंद्रावरच्या बाईंचा फोन. आवाज माझ्यापेक्षा कोरडा. वाचकाने समजावून सांगू नये. कुठल्या शब्दावर जोर देऊ नये. मागितल्याशिवाय पुन्हा वाचू नये. हं म्हणू नये. थांबू नये. उमेदवार सांगेल ते उत्तर टिपावं. सगळं रेकॉर्ड होतं.

मी म्हटलं, बाई, मी आयुष्यभर हेच केलं. लोकांची शेवटची गाडी रद्द झाली हेसुद्धा मी सरळ आवाजात सांगायचे.

८ मार्च

सरावाच्या पुस्तकातले शब्द तोंडात खडे भरल्यासारखे. घरी आरशासमोर वाचून पाहिले. लेक म्हणाली, "आई, कुणाला शिव्या देतेस?"

१५ मार्च

आकृत्या जड जातात. शब्द असले तर वाचता येतात, चित्र कसं वाचायचं? आज एक होती — डबे, रेघा, वर कोपऱ्यात ढगासारखं काहीतरी. मी चाचरत म्हटलं, "वर काहीतरी... ढगासारखं दिसतंय."

"ढगच आहे तो," ते म्हणाले आणि मनापासून हसले. बाहेरचं सगळं जग म्हणजे ढग, अशी त्यांच्यात रीत आहे म्हणे. त्यांची बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. फार दिवसांनी ऐकलं असावं तिने.

२९ मार्च

सराव परीक्षा. हजारात सातशे लागतात. सहाशे चाळीस आले.

"येत होतं," ते म्हणाले. "प्रश्न संपेपर्यंत त्याची सुरुवात हातातून निसटते." डोळ्यांनी आपण मागे जातो, वर जातो, पुन्हा बघतो. त्यांना सगळं कानात धरून ठेवायचं. मी कधी विचारच केला नव्हता.

६ एप्रिल

घसा बसला. गरम पाणी. त्यांनी आज मला वाचू दिलं नाही, स्वतःच बोलत बसले. ऑफिसात त्यांची खिडकीशेजारची जागा दुसऱ्याला दिली. त्यांना कुणी सांगितलं नाही. सवयीने जाऊन बसले ते त्याच्या मांडीवरच!

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग म्हणाले, "बरोबरच आहे. मला खिडकी काय कामाची."

सर्टिफिकेट गेलं तर त्यांना नेटवर्कवरून काढून फोनवर बसवणार. तक्रारी लिहून घ्यायच्या आणि पुढे पाठवायच्या.

१९ एप्रिल

सहाशे नव्वद.

बायको मला जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ताई, आधी मीच वाचायचे. पण बरोबर पर्याय आला की माझा आवाज बदलायचा. त्यांना उत्तर यायचं आणि दोघांनाही वाटायचं, किती छान तयारी झाली." मग म्हणाली, "ते नापास झाले तर मला चालेल हो. त्यांना चालणार नाही."

तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले.

२६ एप्रिल

गंमत म्हणजे मला यायला लागलंय. एक प्रश्न तर निरनिराळ्या रूपांत इतक्यांदा वाचला — एका मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर बंद, काय तपासाल? आधी केबल. खालून सुरुवात करायची. नेहमी केबल. परवा टीव्ही बंद पडला तर लेक दुकानदाराला फोन लावत होती. मी मागे हात घातला. केबल! लेक बघतच राहिली.

५८व्या वर्षी डोक्यात काहीतरी नवीन शिरतंय. बरं वाटतं.

३ मे

आज रागावले. सरावात त्यांनी चुकीचं उत्तर दिलं आणि मी टिपायच्या आधी थबकले. जाणूनबुजून नाही. हातच थांबला.

"ताई, हे करू नका."

"काय केलं मी?"

"थांबलात. तिथे असं केलंत तर मला ऐकू येईल. आणि एकदा ऐकलेलं मला न ऐकल्यासारखं करता येत नाही."

माफी मागितली. पण मनातून वाटलं, केवढा हा ताठा. बुडत्याने काडी नको म्हणावं?

१० मे

सातशे तीस. बायकोने सगळ्यांना चहा दिला. त्यांनी नेहमीपेक्षा एक चमचा साखर जास्त मागितली.

२३ मे

उद्या. लवकर जेवले. बोलणं बंद.

२४ मे

सगळं लिहून काढते. नाहीतर हे डोक्यातून जायचं नाही.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर. बाई वाटल्या होत्या त्यापेक्षा तरुण. त्यांनी खिसे उलटे करून दाखवायला लावले. बाह्या वर. माझा चष्मा हातात घेऊन उजेडात धरला. मग इंजिनियरांची पांढरी काठी — घडीघडीने उघडून पाहिली, आत काही दडवलंय का. ते शांत उभे होते. रिकामा हात तसाच काठीच्या उंचीवर धरलेला. मला ते बघवेना.

छोटी खोली, काच, वर कॅमेरा. दोन खुर्च्या. मी वाचायला लागले. पहिले पाच-सहा प्रश्न माझाच आवाज मला परका वाटला, मग स्टँडवरचा आवाज आला आणि बसला. ते डोळे मिटून ऐकत होते. एक बोट मांडीवर, प्रत्येक पर्यायाला एक टिचकी. ब. ड. अ. पुन्हा वाचा. ड. चांगलं चाललं होतं, मला कळत होतं.

साधारण मध्यावर तो प्रश्न आला. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत अशी सही केली आहे, इथेही लिहीत नाही. एवढंच — ओळखीचा होता. मजल्यावरचे कॉम्प्युटर बंद. वाचता वाचताच मला हायसं वाटलं. केबलचा पर्याय ब होता.

ते म्हणाले, "क."

मला वाटलं, चुकून म्हणाले. माझा हात माउसवर होता. क वर नेला — आणि दाबला नाही. किती वेळ? एक श्वास. फार तर दोन. तोंडात मिठाची गुळणी धरली होती, पण हाताला कोण धरणार?

त्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली. बोट मांडीवर स्थिर.

"क," पुन्हा म्हणाले. हळू, पण ठाम.

मी क दाबला.

पुढे गाडी घसरली. पुन्हा वाचा, पुन्हा वाचा. उत्तर बदला. नको, आधीचंच ठेवा. शेवटचे काही प्रश्न घाईत गेले.

बाहेर बाईंनी प्रिंटरमधून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "उमेदवाराला वाचून दाखवा." हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वाचला. सहाशे अठ्ठ्याऐंशी. आवश्यक सातशे. निकाल, अनुत्तीर्ण. कुठल्याच शब्दावर जोर दिला नाही. गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं.

"थँक्यू, ताई," ते म्हणाले. खाली रिक्षात बायको होती. तिने आमच्या पावलांवरूनच ओळखलं.

२५ मे

बारा गुण. एक प्रश्न, फार तर दोन.

मला उत्तर येत होतं.

२७ मे

लेकीला सांगितलं, सही काय म्हणते ते बाजूला ठेवून. ती म्हणाली, "मग सांगायचं ना, नुसतं खोकून तरी. कुणाचं काय जाणार होतं?"

कॅमेरा होता, म्हटलं. पण खरं म्हणजे मला त्यांचीच भीती वाटली.

४ जून

कंपनीने एक शेवटची संधी दिली. १२ जुलैला परीक्षा.

मी माझा चष्मा पुसून तयारच होते, तर फोनवर ते म्हणाले, "ताई, या वेळी मी दुसरा वाचक मागितलाय. संस्था बघतेय. राग मानू नका."

मी म्हटलं, छे, राग कसला.

५ जून

राग आला आहे. तीन महिने घसा फोडला. तोंडपाठ झालं मला सगळं. आणि हे! मशीन आलं तेव्हा निदान साहेबांनी बोलावून, समोर बसवून सांगितलं होतं.

का? गप्प बसले म्हणून? की त्या दिवशी निकाल सरळ आवाजात वाचला म्हणून? दुसरी कुणी असती तर आवाज तरी भरून आला असता. त्यांना वाटलं असेल, हिला काहीच वाटलं नाही.

१६ जून

बाजारात त्यांची बायको भेटली. नवा वाचक कुणी रिटायर्ड टपालखात्यातला आहे. सारखा नाक ओढतो. प्रश्नातले अर्धे शब्द चुकीचे उच्चारतो. "पण यांना चालतंय," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत न बघता. मग भाजीवाल्याकडे वळली, मीही वळले.

३० जून

काही नाही. स्टँडवरून गेले. मशीनचं बोलणं उभं राहून ऐकलं. चुकत नाही.

१२ जुलै

घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून दिवसभर पाहत होते.

संध्याकाळी बायकोचा फोन. नुसती रडत होती, मला वाटलं, याही वेळी गेलं. मग शब्द फुटला — सातशे चौऱ्याहत्तर. पास. त्यांनी फोन घेतला नाही. मागे त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होते, "हो, सोमवारपासून. सर्व्हर रूममध्येच."

देव्हाऱ्यात दिवा लावला. मला खरंच आनंद झाला आहे. तो एक प्रश्न आठवला नसता तर अजून झाला असता. तेव्हा धीर केला असता, तर या माणसाचा दीड महिन्याचा छळ वाचला असता.

१७ जुलै

केंद्रावरच्या बाईंचा फोन. पुढच्या महिन्यात एक मुलगी आहे, तिची परीक्षा पहिलीच. तिला तुमचा आवाज द्यायचाय, म्हणाल्या. विषय तोच.

हो म्हटलं.

आणि इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलता यायचं नाही — या वेळी मी दगड होऊन बसणार नाही. मला येत असेल आणि पोर बुडत असेल, तर श्वासभर थांबायला जागा असते. कॅमेऱ्याला श्वास दिसत नाही. नियम माणसांसाठी असतात.

२१ जुलै

इंजिनियर आले होते. बायकोला खाली ठेवून एकटेच काठीने जिना चढून आले.

बसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही त्या दिवसाचं मनाला लावून घेतलंय, असं ही म्हणते. म्हणून आलो. प्रश्न सांगत नाही, सही केली आहे. एवढंच सांगतो. केबल आधीच बदलून झाली होती. पहिल्याच वाक्यात होतं. तुम्हीच वाचलंत."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"क बरोबर होतं, ताई. तोपर्यंत सगळंच बरोबर चाललं होतं. मग तुम्ही थांबलात. त्यानंतर मी एकही प्रश्न ऐकला नाही. तुम्हालाच ऐकत राहिलो."

पाणी प्यायले आणि गेले. मी खिडकीशी जाऊन पाहत होते, रिक्षा वळेपर्यंत.

पहिल्याच वाक्यात होतं. मीच वाचलं.