कापसाचा खोकला

माय, आज मी दवाखान्यातून घरी आले ती तुझ्यावर चिडूनच. चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा मांडला, आणि तो उतू गेला तरी मी गॅसपाशी उभी राहून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी भांडायला मला तूच लागतेस. सासूशी भांडले, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांशी भांडले, एकदा तर बसच्या कंडक्टरशी सौंसरपासून बोरगावपर्यंत भांडत गेले, पण ती भांडणं तिथल्या तिथं मिटली. तुझ्याशी आहे ते मिटतच नाही, कारण तू उत्तर देत नाहीस. जिवंत होतीस तेव्हाही कुठं देत होतीस म्हणा. काही विचारलं की तुझं एकच ठरलेलं, "मोठी झाली का समजन." झाले बाप्पा मोठी. आता तुझ्यापेक्षाही मोठी झाले. तरी समजलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा गेल्यावर तुझ्या सासरी दोन घास वाढताना लोकांची तोंडं वाकडी व्हायला लागली, आणि तू मला घेऊन वरुडकडून इकडे पांढुर्ण्याला आलीस, ते ऐंशी सालानंतरचे दिवस. कोणीतरी सांगितलं होतं की कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, सीझनभर बायांना काम मिळतं आणि राहायला टिनाची खोलीही मिळते. त्या रस्त्यावर महाराष्ट्र कुठं सरतो आणि मध्यप्रदेश कुठं लागतो ते आजही डोळ्यांना दिसत नाही. इकडेही कापूस, तिकडेही कापूस, इकडेही संत्र्याचे बगीचे, तिकडेही. बाजारातली भाजीवाली तर आपल्या गावच्या बाईसारखीच बोलायची. तू पहिल्याच दिवशी खूश होऊन म्हणालीस, हा तर आपलाच मुलूख होय. पण आपण तिथं बाहेरचे ते बाहेरचेच राहिलो. रेशनकार्ड नाही, ओळखीचं घर नाही. आणि भाषेचं म्हणशील तर बाजारात आपली चालायची, सरकारी दारात मात्र हिंदी. मी शाळेत जाऊन वर्षाच्या आत ती शिकून घेतली. तू नाही शिकलीस. तुला गरजच वाटली नाही, कारण बोलायला मी होते. पोस्टात मी, शाळेत मास्तरांपुढे मी, वीज गेली तर तारवाल्याला हाक मारायलाही मीच. पोरगी हिंदी फाडफाड बोलते म्हणून तू बायांमध्ये मिरवायचीस, आणि मलाही तेव्हा त्याची मोठी ऐट होती, हे नाकारत नाही.

जिनिंगमधलं तुझं काम मी दारातून बघायचे. कापसाचे डोंगर, त्यांच्यापुढे बायांची रांग, आणि कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, नि काडीकचरा निवडत तुम्ही सगळ्या बोलत बसलेल्या. यंत्रांचा आवाज इतका की बोलणं म्हणजे ओरडणंच. सुटी होईपर्यंत तुझ्या भुवया, पापण्या, नाकपुड्या रुईनं पांढऱ्या व्हायच्या आणि तू घरी यायच्या आधीच म्हातारी होऊन यायचीस. सुटी झाली की मुकादम दारापाशी गुळाची भेली फोडायचा आणि ज्याच्या त्याच्या हातावर खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की घशातला, छातीतला कापूस खाली उतरतो, ही तिथली पक्की समजूत. मालकापासून हमालापर्यंत कोणाला तिच्यात शंका नव्हती. खोकला आला तर औषध एकच, गूळ. जास्त खोकला आला तर जास्त गूळ. आणि तू काय करायचीस, तर तुझा खडा पदराच्या टोकाला बांधून माझ्यासाठी आणायचीस. मी गाठ सोडायचे, त्याला चिकटलेली रुई निवडून काढायचे आणि गट्टम करायचे. शेजारच्या खोलीतली काकू तुला रोज टोकायची, "सोता खात नाही, पोरीले चारून राहिली. छातीत कापूस बसन मंग समजन तुले." तू हसायचीस. तुझं ते हसणं आठवलं की मला अजून तुझा हात धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

दुसऱ्या सीझनला तुझा खोकला सुरू झाला तो थांबलाच नाही. यंत्रं बंद असली तरी खोकला, सणाच्या दिवशी खोकला. अंगातली चोळी सैल झाली. नळावर तू एक फडकं वेगळं, सगळ्यांच्या मागून धुवायला लागलीस, आणि एकदा मी पाण्यात लाल पाहिलं. विचारलं तर म्हणालीस, हिरडीतून आलं. काकूला शंका आली असावी, पण तीही म्हणाली कापसाचाच खोकला आहे, आणि आपल्या वाटचा गूळ तुला देऊ लागली. तोही तू मलाच दिलास. रांगेच्या शेवटच्या खोलीत बैतूलकडचा एक माणूस राहायचा, आठवतो ना. त्याला टीबी आहे असं कोणीतरी म्हणालं, आणि दुपारच्या आत मुकादमानं त्याची वळकटी फाटकाबाहेर ठेवली. त्याची बायको पोरांना घेऊन स्टेशनाकडे चालत गेली तेव्हा सगळ्या बाया दारात उभ्या होत्या आणि एकीनंही तिला पाणी विचारलं नाही. तूही नाही. त्या दिवशी तू घरात येऊन कडी लावलीस आणि मला जवळ घेऊन बसलीस. मला वाटलं, माया आली. तू घाबरली होतीस.

शेवटी काकूनंच तुला सरकारी दवाखान्यात ढकललं. रिकामी बाटली घेऊन आपण निघालो, कारण लाल औषध आपल्याच बाटलीत मिळायचं. वाटभर तू माझ्याकडून धडा पाठ करून घेतलास. खोकला कधीपासून, तर थंडी पडली तेव्हापासून. ताप येतो का, नाही. भूक लागते का, लागते. आणि पुलापाशी थांबून, माझी हनुवटी धरून तू म्हणालीस, "रक्ताचं नाव नोको काढजो. टीबी लिवला का मुकादम खोली खाली करून घेईन, मंग मी तुले घेऊन कुठं जाऊ?" मी मान हलवली. शाळेतली कविता पाठ करावी तसं सगळं पाठ केलं होतं मी. डॉक्टर जबलपूरकडचे, तरुण, गर्दीनं वैतागलेले. त्यांना मराठी येत नव्हती आणि तुला हिंदी येत नव्हती, आणि दोघांच्या मधल्या स्टुलावर मी. त्यांनी विचारलं, मी तुला न विचारता उत्तर दिलं, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. मग त्यांनी तुझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, थूक में खून आता है? मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतीस. मी म्हटलं, नहीं साहब.

लहान पोरीच्या तोंडात तू हे दिलंस, माय. याचाच राग आहे मला. खोटं बोलायचंच होतं तर स्वतः हिंदी शिकून बोलायचं होतंस. डॉक्टरांनी तरी बरंच केलं म्हणायचं, बाटलीत औषध भरायला सांगून वर म्हणाले की छातीचा फोटो काढून घ्या. मी तुला तेही सांगितलं. तर तू काय म्हणालीस? "फोटो कायले? मी का नवरी होय?" आणि रस्त्यात एकटीच हसत सुटलीस, हसता हसता खोकलीस, आणि पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिलीस. लाल औषध संपलं, मग दुसरी बाटली, मग तिसरी. होळीपर्यंत तुला भेलीएवढंही वजन उचलवेना. तेव्हा सौंसरची मावशी येऊन आपल्याला घेऊन गेली. मावसाजींनी तुला नागपूरला मेडिकलमध्ये नेलं. तिथून तू परत आलीस ती बोलणं बंद करूनच, आणि उन्हं तापायच्या आत गेलीस.

तेराव्याला जिनिंगमधल्या बाया आल्या होत्या. काकू माझ्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी आज शपथेवर सांगेन, पण ती मावशीला म्हणाली, "गूळ पोरीनं खाल्ला, अन् कापूस मायच्या छातीत राह्यला." झालं. तेवढं एक वाक्य मी माझ्या सगळ्या शाळेभर अंगावर वागवलं. मावशीकडे संक्रांतीला तिळगूळ वळायला बसायचे, पण एक कणही तोंडात घालायचे नाही. मावशी म्हणायची, पोरगी हळवी आहे. मावशीला सगळं माहीत होतं, माय. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला आणि मावसाजींना स्पष्ट सांगितलं होतं. नर्सच्या ट्रेनिंगला गेल्यावर छातीच्या रोगांचा धडा आला, तुझ्या खोकल्याची एकेक खूण बाई फळ्यावर लिहीत गेल्या, आणि मी त्या वहीत उतरवत गेले. सुटीत घरी येऊन मावशीला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "होता टीबी. टीबीवालीची पोरगी कोण करून नेते? म्हणून कापूसच सांगतला सगळ्याइले." म्हणजे तू खोली जाऊ नये म्हणून लपवलंस, मावशीनं माझं लग्न अडू नये म्हणून लपवलं, आणि दोघींच्या मायेच्या मधोमध मी, गूळ खाऊन आईला मारणारी पोर. मला हलकं वाटायला हवं होतं. गुळानं काही होत नाही, कापूस छातीतून उतरत नाही, तू खडा खाल्ला असतास तरी गेलीच असतीस, हे कळल्यावर मी देवापुढे दिवा लावायला हवा होता. मला राग आला. गोळ्या होत्या, माय. त्या काळातही होत्या, सरकारी दवाखान्यात, फुकट. तुला लाल औषध भरून दिलं त्याच खिडकीत मिळाल्या असत्या.

आता आज काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढी का तापले ते तुला कळेल. संत्र्याच्या तोडीचा सीझन आहे. तामियाकडच्या डोंगरातून माणसं येऊन इथल्या बगीच्यांमध्ये राहताहेत. एक बाई आली, अंगावर नुसती हाडं, सोबत नऊ-दहा वर्षांची पोर. बाईला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. मी हिंदीत विचारायचं, पोरीनं तिला गोंडीत सांगायचं. आता सायबाच्या खुर्चीत मी होते. खोकला कधीपासून? पोरीनं आईला न विचारताच सांगितलं, थंडी पडली तेव्हापासून. ताप? नाही. पोरगी पाठ करून आली होती. मला त्या बाईवर ओरडायचं होतं. मी ओरडलेसुद्धा थोडीशी, लपवू नका, मरायचं आहे का, असं काहीबाही. पोरीनं तेही आईला गोंडीत सांगितलं. मग ती बाई पोरीच्या कानाशी वाकून काही बोलली, बराच वेळ. पोरगी नको नको म्हणत होती. बाईनं तिला कोपरानं ढोसलं. तेव्हा त्या पोरीनं माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "बाई, ठेकेदार को बताओगे क्या?"

मी म्हटलं, नहीं बताऊँगी. पोरीनं ते आईला सांगितलं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, बघतच राहिली, मग कमरेचं फडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर जे होतं ते मला उघडून बघायचीही गरज नव्हती. थुंकी तपासायला दिली, उद्या फोटो होईल, गोळ्या सुरू होतील, आणि मी स्वतः बगीच्यात जाऊन देईन, कारण दवाखान्याची जीप दारात उभी राहिली तर ठेकेदाराला आपोआप कळेल. ती बाई वाचेल, माय. उशीर झाला आहे, पण वाचेल. आणि घरी येताना मला त्या बाईचा आनंद होण्याऐवजी तुझाच राग येत गेला. तिला अक्षर येत नाही, तिची भाषा इथं कोणाला कळत नाही, तुला निदान अर्धं गाव तरी समजून घेत होतं. तिला जे सुचलं ते तुला काहून सुचलं नाही? वाटभर तू मला काय काय लपवायचं ते शिकवलंस. विचारायचं मात्र एकही शिकवलं नाहीस.

हे पत्र कुठं टाकू? तुला वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवावं लागायचं, आणि वाचून दाखवणारी मीच. तेव्हा राहू दे इथंच. एवढं मात्र ऐक. आजवर मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, सांगितलं तेवढं बोलले, माझ्या हातात काही नव्हतं, आणि ते खरंच आहे. पण आज त्या पोरीचं वाक्य ऐकल्यापासून मी ते सारखं पुटपुटून बघते आहे, शाळेतल्या त्या वयाच्या माझ्या तोंडानं, मुकादम को बताओगे क्या. एकही शब्द अवघड नाही, माय. तेवढी हिंदी मला येत होती.