घोंगडीखाली चांद निजली

तीर्थरूप आक्काआत्यास,
शीलाचा पायाला हात लावून नमस्कार. गुडघा कसा आहे, मेंढरं सुखरूप घाट उतरली का? फोनवर तू "समदं बरंय" म्हणून ठेवून देतीस, म्हणून पत्र लिहिते. रामेश्वर वाचून दाखवील. (रामेश्वरभाऊ, कंसातलं मनातच वाच.)

आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी ठरवलं, की शहर बघायला येणारे मकबरा बघून परस्पर जातात, तर आपली गल्ली आपणच दाखवायची, घराघरांतल्या आठवणींसकट. आवाज मोठा म्हणून पुढारपण माझ्याकडं आलं. पहिल्याच रविवारी पाहुण्यांनी विचारलं, ही कमान किती जुनी? मी म्हटलं, माझ्या लग्नाच्या आधीची. (त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं.) पुढं दर उंबऱ्यावर चहा. गुलशनभाभीच्या अंगणात पाहुणे जे टेकले ते कडुनिंबाखाली पेंगायलाच लागले. कबुतरं घुमत होती, ऊन पानांतून सावकाश सरकत होतं, आणि मलाही वाटलं, आता बोलून काय करायचं.

तेवढ्यात बाजेवर बसलेली चांदबी, म्हणजे भाभीची म्हातारी आई, मांडीवरच्या युसराला, भाभीच्या नातीला, थोपटत गुणगुणायला लागली, "मेंढी निजली, कोकरू निजलं, घोंगडीखाली चांद निजली." आत्या, माझी झोपच उडाली. हे तर तुझं गाणं. लहानपणी मी म्हणायची, चांद निजला म्हण, तर तू डोळे वटारायचीस.

मी विचारलं, "चांदबी, हे कुठं शिकलात?"

ती म्हणाली, "मां गाती थी. निजामाचं राज गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या साली गाव सोडून पळालो, तवा कन्नडच्या घाटात एका धनगरणीनं आम्हा मायलेकींना मेंढरांत लपवलं. मी तान्ही होते. मांनं तिचं नाव कधी सांगितलं नाय. म्हणायची, नाव फुटलं तर त्या बाईला त्रास होईल."

भाभीसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होती. पाहुणे जागे झाले होते.

म्हणजे चांद आभाळातला नव्हताच, ती बाजेवरच बसली होती. आणि गाणं कुठलं विचारलं की "आईची शपथ हाय" म्हणून तू गप्प का व्हायचीस, तेही मला तिथंच कळलं.

बाकी इकडं सगळे खुशाल.
तुझी भाची,
शीला

ता. क. येत्या रविवारी ये. गल्ली बघायला नको, गल्लीत बघण्यासारखं काही नाय. (तसं पाहुण्यांना सांगत नाय.) नुसती चांदबीजवळ बस.

ता. क. आणखी एक. चांदबीला मी त्या धनगरणीचं, म्हणजे आजीचं, तुझ्या आईचं नाव सांगून टाकलं, सारजाबाई. शपथ तुला घातली होती, मला नाय. तिनं ते दोनदा तोंडात घोळवलं आणि शांत झोपली. आता रोज उठली की मला बोलावून म्हणते, आगे बोल. आणि आजीचं पुढचं मला ठाऊक नाय, ते तुलाच ठाऊक.