बिस्किटाएवढं चाक

प्रिय वेन्ला,

आधी कपभर कॉफी ओतून घे आणि मग वाच. तुझी आजी आज जमिनीवर नाही, आणि अशा माणसाचं पत्र लांबतं. आज सकाळी मी चर्चचा चढ सायकलवरून चढले गं! एकदाही पाय टेकला नाही. श्वासाने मफलर गोठून लाकडासारखा कडक झाला होता. मागून शेजारची हिल्का चालत येत होती, ती खालूनच ओरडली, “लेम्पे, म्हातारे, दमानं घे! वर तुझी जागा राखून ठेवलीय, कुणी पळवत नाही!” मी इतकी हसले की सायकलसकट बर्फात आडवी झाले. पण वर पोचल्यावर झाले, हे ध्यानात ठेव.

हा चढ माझ्यासाठी नुसता चढ नाही, हे तुला सांगायला नको. आजोबा गेल्यापासून दर रविवारी वर त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला मी सायकलनेच जाते. तुझ्या आईने काजानीच्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोली बघितली, तेव्हा मीच टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, पिर्को, ज्या हिवाळ्यात मला त्या चढावर उतरावं लागेल, त्या हिवाळ्यात मी मुकाट्याने तुझ्या खोलीत येईन. बैल शिंगाला धरावा आणि माणूस शब्दाला, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिने मला शब्दाला धरलं. धरणारच, मुलगी कुणाची आहे!

शरदात जुन्या सायकलचा सांगाडा गंजून तुटला, तेव्हा तू ओउलूहून आलीस ते आठवतं ना? वेलचीचे पाव एका बाजूला सारून टेबलभर वर्तमानपत्र पसरलंस आणि त्यावर नव्या सायकलसाठीची एकेक वस्तू मांडलीस. केवढी मजा आली होती मला! लग्नाच्या खरेदीतही आली नव्हती, कारण तेव्हा सासूबाई सोबत होत्या. तू सायकलच्या दुकानात काम करतेस, तुला सगळं येतं, तरी प्रत्येक गोष्ट मला विचारत होतीस. गिअर एकच ठेवायचा, कारण चिखलबर्फ गोठला की दहा गिअरवालीलाही एकच उरतो, आणि तो नेमका नको असलेला. ब्रेक उलटं पायडल मारून लागणारा, कारण तारेचा थंडीत आखडतो आणि जाड हातमोज्यात बोटांना दांडी सापडत नाही. टायर रुंद, खिळ्यांचे. पायडल पसरट, माझे जाड लोकरी नमद्याचे बूट मावतील असे. सीटवर रेनडिअरच्या कातड्याचा तुकडा, तो मीच शिवला. मग मागच्या दातेरी चाकाची पाळी आली. मी म्हटलं, मोठं दे बाई, वीस दात्यांचं, म्हणजे चढ हलका जाईल. एक गिअर म्हणजे एकच नवरा. चढावर साथ देईल असाच बघून घ्यावा, उतारावर कुणीही चालतो. तुला इतकं हसू आलं की कॉफी नाकातून आली. डोळे पुसत म्हणालीस, वीसच आजी, मी स्वतः बसवते.

तुझ्या दुकानातून सायकल जोडून आली ती दिसायला राणी. पण सपाट रस्त्यावरसुद्धा जड! तुला फोन केला तर म्हणालीस, रुंद टायर आहेत, सवय होईल. मी सवय करत राहिले. आणि नाताळाच्या आधीच्या महिन्यातल्या एका रविवारी घंटाघराच्या वळणावर माझे पाय थांबले. मनाने कितीही रेटलं तरी पायडल खाली जाईना. मी उतरले. आसपास कुणी नव्हतं, पण मी होते ना. ढकलत वर गेले, मेणबत्ती लावली, आजोबांना म्हटलं, आटपलं रे माझं. घरी येऊन पिर्कोला मीच फोन केला. ती रडली. मग मी कप कागदात गुंडाळायला लागले. सौनाच्या वाफेत बाकावर बसले की आपल्याच पायांकडे बघायची. वाटायचं, इतकी वर्षं राहिलेले भाडेकरू निरोपही न घेता निघून गेले.

सामान आवरता आवरता परवा शेडमध्ये गेले. आजोबांची खोड तुला माहीत आहे, प्रत्येक वस्तू जादाची आणून ठेवायची. खिळ्याला एक दातेरी चाक टांगलेलं होतं, कोरं, वीस दात्यांचं. सहज तू बनवलेल्या सायकलच्या मागच्या दातेरी चाकाजवळ धरलं. आजोबांचं होतं मधे भोक असलेल्या राईच्या भाकरीसारखं ऐसपैस. तुझं बिस्किटाएवढं. हातमोजा काढून दाते मोजले. चौदा. वेन्ला, मी शेडमध्ये एकटीच नाचले! अगं, पाय कुठेच गेले नव्हते! दुकानात घोटाळा झाला असणार, आता पोरीला चांगली चिडवते, असं म्हणत आधी तुझ्या आईला फोन लावला, कारण खोली नको हे तिला सांगायचं होतं. ती हळूच म्हणाली, “आई, वेन्ला म्हणाली होती, तुला कळणार नाही.”

हिल्काने चाक धरलं, मी आजोबांचं बसवलं. साखळी आखूड पडली, तिला तुकडा जोडला. आज चढून आले. सगळे कप पुन्हा फळीवर लावले, आणि पिर्कोलाही कळवलं की मी शब्दाची पक्की आहे. त्या दिवशी मी उतरले नव्हते, मला उतरवलं होतं.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते. तुझ्या आईवर माझा राग नाही, तिने हे लपवलं खरं, पण खोलीसाठी ती माझ्याशी समोरून भांडली होती. तू म्हणशील, आजी बर्फावर पडशील म्हणून केलं. मग तेच त्या टेबलाशी बसून म्हणायचं होतंस, आजी, मला भीती वाटते. मी कडाकडा भांडले असते, आणि कोण जाणे, ऐकलंही असतं. तू माझे पाव खाल्लेस, माझ्या विनोदाला हसलीस आणि माझ्याच पायांना माझ्याशी खोटं बोलायला लावलंस. तुझं चौदा दात्यांचं चाक या पाकिटात आहे, तुझ्या लहानपणच्या लाल हातमोज्यात गुंडाळून. ते तुझ्या सायकलला बसव आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सगळं गाव मेणबत्त्या घेऊन निघतं तेव्हा, चर्चचा चढ चढ. तू तरुण आहेस, कदाचित चढशीलही. तरी घंटाघराच्या वळणावर उतर आणि उरलेली वाट ढकलत ये. मी वर आजोबांजवळ असेन. तुझी मेणबत्ती मी आणलेली असेल, पण तू आल्याशिवाय पेटवणार नाही. आणि तुला घ्यायला खालीही येणार नाही.

अजूनही तुझीच,
लेम्पी आजी