गेटाआडची वाट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पाहणी झाली. संपलंच म्हणायचं!

तहसीलदार साहेब सकाळी येणार होते, आले दुपारी. सगळी वस्ती बिल्डरच्या गेटापाशी उन्हात उभी. गेटाच्या आत पत्र्याचं कुंपण, त्याच्या पलीकडे ओढ्याकाठी आमची स्मशानभूमी. मधली वाट त्यांनी दिवाळीनंतर बंद केली. तेव्हापासून वस्तीची वकील म्हणून मी ती वाट खुली करायच्या एका अर्जापायी नांद्याहून पौडला तहसील कचेरीत खेपा घालतेय.

केशरबाई छान बोलल्या. ‘माजा नवरा हितनंच नेला साहेब, सासूबी हितनंच. चिखलात पाय रुतत व्हते.’ साहेबांनी लिहून घेतलं. मला वाटलं — जमलं!

मग विठ्ठलराव पुढे आले. रान त्यांचं, त्यांनीच बिल्डरला विकलेलं. माझ्या वडिलांचे, आबांचे, जुने दोस्त. एका ताटात कधी जेवले नसतील, पण एका बांधावर बसून आयुष्यभर तंबाखू मळली दोघांनी. म्हणाले, ‘वाट अशी न्हवती साहेब. माज्या रानातनं बांधाबांधानं जायाचे. मी जाऊ दिलं. माणूस मेल्यावर न्हाई कसं म्हनायचं?’ आणि खाली बघत राहिले.

एवढंच. त्यांच्या मते तर त्यात खोटं एक अक्षर नाही. पण हक्क नव्हता, मेहेरबानी होती — असा त्याचा अर्थ. मला जागच्या जागी कळलं आपण हरलो ते. वस्तीला नाही कळलं. परत येताना केशरबाई म्हणतात, ‘इठ्ठलराव चांगलं बोललं की गं, दीपमाला.’

काय सांगू यांना!

९ फेब्रुवारी

आबांना पुन्हा दम लागला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. म्हणजे काय ते कळलं.

जन्मभर एसटीत कंडक्टर. अर्धवट झोपेत मला म्हणाले, ‘पुढं सरका बाई, पुढं मोकळं हाय.’ आधी हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

२७ फेब्रुवारी

अर्ज फेटाळला. गावनकाशात वाट नाही, लोक मालकाच्या संमतीने जात होते — दोनच मुद्दे. मी त्या खुर्चीत असते तर वेगळं काय लिहिलं असतं, कोण जाणे.

येताना पिरंगुटला डंपर बंद पडलेला. सगळं ठप्प. स्कूटी कडेला लावून एका बंद टपरीच्या फळीवर बसले. कुणाला तरी फोन करावा वाटलं. फोन काढला, नावं वर-खाली केली. यातल्या प्रत्येकाला मी धीर दिलाय — पोटगीच्या तारखा, वाटणीचे दावे, पोलीस ठाण्यातली रात्र. मला धीर देईल असं एकही नाव सापडेना.

कशी ही पुढारी!

घरी आबांनी विचारलं, ‘काय झालं गं?’ म्हटलं, तारीख पडली. खोटं बोलले.

२८ फेब्रुवारी

अपील करायचं. कशाला, ते उद्या ठरवू.

१६ मार्च, रविवार

विहारात वस्तीच्या समितीची बैठक, अध्यक्ष मीच. बिल्डरचा निरोप आलेला — विहारावर हॉल बांधून देतो, शिवाय वस्तीसाठी शववाहिनी. बदल्यात वाटेचा नाद सोडायचा.

सगळ्यात आधी पायल बोलली. समितीची सचिव. हिंजवडीत कंपनीत आहे, पण तिला बोलायला शिकवलं ते मी! बारावीत नापास झाली तेव्हा माझ्याच घरी राहून पुन्हा बसली होती परीक्षेला. ‘ताई, मेल्यावर कुठं जाळलं याने काय फरक पडतो? जिवंतपणी आपल्याला हॉल नाही. पोरीबाळींची लग्नं भर पावसात ताडपत्रीखाली लावतो. व्हॅन येईल, गॅसदाहिनीत नेईल. ओली लाकडं नाहीत, धूर नाही. प्रॅक्टिकली विचार करा ना!’

मी म्हटलं, ‘आज मेलेल्यांची वाट सोडली, उद्या जित्यांचीही सोडायला लावतील. वस्तीच्या तिन्ही अंगांना टॉवर उभे राहिलेत, दिसत नाहीत का?’ भाषण वाटलं त्यांना. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘तुम्ही वस्तीसाठी भांडताय की आबांसाठी?’

आई त्या ओढ्याकाठी आहे. आबांना तिच्याजवळ न्यायचंय. हे खरंच आहे. पण तेवढंच खरं आहे का?

हॉलच्या बाजूने हात वर झाले. केशरबाईंचाही! नंतर चपला घालताना म्हणाल्या, ‘नातीचं लगीन हाय गं. रागावू नगंस.’

अध्यक्षपद सोडलं. कुणी राहा म्हणालं नाही.

१७ मार्च

पौडला गेले नाही.

२ एप्रिल

विठ्ठलराव आले. दारातच आबांचं नाव घेऊन म्हणाले, ‘सोपानाला बघाया आलुया.’ हाकलून द्यावं असं फार वाटलं. चहा ठेवला.

आबा आज शुद्धीत होते. विठ्ठलराव खाटेशेजारी टेकले. मग आबा म्हणाले, ‘रान इकलंस व्हय?’

‘इकलं. पोरांनी इकाया लावलं. मारुंजीला फ्लॅट घेतलाय. सातव्या मजल्यावर. लिफ्टची लई भीती वाटती मला.’

‘पाहणीला काय बोललास, ते कळलं मला.’

म्हणजे आबांना माहीत होतं! कुणी सांगितलं कोण जाणे — आणि मी रोज तारखांची थाप मारत बसले.

विठ्ठलराव टोपी काढून हातात फिरवत राहिले. ‘पोरांनी शिकवलं तसं बोललो. आता बदलाया गेलो तर घरात राहू देनार न्हाईत.’

आबा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. च्या पी.’

एवढंच! मी दाराआड उभी. माझा संताप माझ्याच अंगावर सांडल्यासारखा झाला. ज्याच्यासाठी मी जळतेय तो माणूस त्यांना चहा पी म्हणतो. विठ्ठलरावांनी चहा घेतला नाही. जिना नाही आमच्या घराला, दोनच पायऱ्या आहेत. त्यासुद्धा भिंत धरून उतरले.

१४ एप्रिल

जयंती. आयुष्यात पहिल्यांदा पांढरी साडी नेसून घरात बसले. सकाळी हार घालून आले तेवढंच. मंडपाच्या कमानीवर बिल्डरचा बॅनर — हसरं कुटुंब, स्विमिंग पूल, आणि खाली बारीक अक्षरात आम्हाला शुभेच्छा.

लोक ‘जय भीम, ताई’ म्हणत होते आणि थांबत नव्हते.

वकिली सोडावी. महाळुंग्याच्या एका एजंटाने विचारलंय, भाडेकरार करून द्याल का म्हणून. माणसं हसत येतात, सह्या करतात, हसत जातात. कुणी रडत नाही. कुणाला न्याय नको असतो. तेच बरं. अपिलाचे कागद अजून कपाटावर पडलेत. हात लावायचीही इच्छा होत नाही.

आबांनी आज काही खाल्लं नाही.

२१ एप्रिल

आबा गेले. हात माझ्या हातात होता, तरी कळलं नाही.

आता बाया आल्यात, बाहेर बसल्यात. दोन ओळी लिहून बाहेर जाते.

पायलला मीच फोन केला. ‘व्हॅन पाठव.’ ती ‘ताई...’ म्हणाली. मी म्हटलं, पाठव. भांडायला अंगात काही उरलं नाही. आई ओढ्याकाठी आणि आबा कुठल्या तरी चिमणीतून वर. माझ्याच हाताने केलं हे. हरले मी.

२२ एप्रिल

काल व्हॅन आली, दार उघडून उभी राहिली. तिरडी आत ठेवायला एकही हात पुढे होईना. मग पायलने पुढून खांदा दिला, बाकीच्यांनी बाजू धरल्या आणि तिरडी ओढ्याकडे वळली. गेटाला कुलूप होतं. कुणी तोडलं ते मला दिसलं नाही, मी सगळ्यांच्या मागे चालत होते. आबांना आईजवळच अग्नी दिला.

रात्री बिल्डरने तक्रार केली. ठाण्यात विचारलं, कुलूप कुणी तोडलं? पायलने आपलं नाव सांगितलं. केशरबाई म्हणाल्या, ‘माजंबी लिवा.’ मग नावं सांगायला रांगच लागली.

आज सगळ्यांचा जामीन करायचाय, वकील मीच. निघते पौडला.