घरगाडी मागे घेताना

फ्रानेकर,
१४ जानेवारी

चि. सौ. रिन्स्के हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी नुसतं हं हं करून ठेवून दिला, ही तुझी तक्रार वाचली. आमच्या फोनमध्ये अलीकडे फार खरखर असते. कामाचं असेल ते कागदावर लिहीत जा.

घरगाडी तुम्हालाच द्यायची हे नक्की. सप्टेंबरात ड्रेन्थेच्या कॅम्पिंगवर तिनेके गाडीच्या पायरीवरून घसरली आणि घोटा मोडून बसली, ते तुला माहीत आहेच. प्लास्टर निघालं, काठीही सुटेल, पण पुन्हा गाडीत चढायचं तिच्या मनात नाही. बावीस वर्षं हिंडलो, पुरे झालं. एक मे रोजी तुम्ही येऊन गाडी घेऊन जा. तोवर एकेक गोष्ट मी लिहून कळवतो. योपला तोंडी सांगण्यात अर्थ नाही, तो या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो.

सध्या थंडी आहे म्हणून आधी पाण्याचं. पाणी गोठायला लागायच्या आत टाकी, गरम पाण्याचा बंब आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करायच्या. नळ उघडे ठेवायचे, आणि नळाची दांडी गरम-गारच्या मधोमध ठेवायची. एका बाजूला ठेवली तर दुसऱ्या बाजूच्या नळीत घोटभर पाणी राहतं आणि नळी फुटायला तेवढंच पुरतं. शेजारच्या डिर्कने नळ बंद करून गाडी उभी केली. एप्रिलमध्ये पाणी भरलं तर ते कपाटातून बाहेर आलं, बायकोचे मोजे आणि कॉफीची पुडी घेऊन.

चाकांचं असं, की घरगाडीचे टायर झिजून मरत नाहीत, उभे राहून मरतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि साल. खाचा कितीही नव्या दिसोत, साल बघा. आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी गाडी मीटरभर पुढेमागे हलवा.

अजून एक. गाडी मागे घेताना मागे उभ्या असलेल्या माणसाने ओरडायचं नाही. चालवणाऱ्याला आरशात दिसेल असं उभं राहायचं आणि हाताने खुणा करायच्या. आरशातला माणूस दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा. का दिसत नाही याचा विचार नंतर.

बाकी क्षेम. योपला आशीर्वाद. पत्राचा आळस करू नये.

तुझा,
वीबेदादा


झुटफेन,
२९ जानेवारी

ती. वीबेदादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. योपला मोठ्याने वाचून दाखवलं. कानाच्या वाक्याला त्याने मान हलवली, म्हणजे ते तरी त्याने ऐकलं असावं.

दादा, तुला कल्पना नाही तू आमच्यावर किती उपकार करतो आहेस. नोव्हेंबरात निवृत्त झाल्यापासून हा माणूस खिडकीशी बसून असतो. कोणाची कचऱ्याची पेटी दुपारपर्यंत रस्त्यावर राहिली याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. परवा मी सांगितलं की जूनमध्ये नॉर्वेला जाऊ, तर उठून नकाशा शोधायला माळ्यावर गेला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठला. मला बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं. तुझ्या गाडीच्या खिडक्यांची मापं तिनेकेवहिनीने मागेच दिली होती, त्यामुळे पडद्याचं कापडही आणलं. निळं आहे, त्यावर बारीक पांढरे ठिपके. तुकडा सोबत ठेवला आहे, वहिनीला दाखव.

आता माझे प्रश्न. संडासाच्या पेटीचं काय करायचं? योप म्हणतो, बाकी सगळं करीन, पेटीला हात लावणार नाही. गाडीत किती सामान चालतं? त्याला घरचे बटाटे न्यायचे आहेत, तेही पोत्याने. आणि गाडी जुनी आहे तर आतून ओल धरली आहे की नाही हे कसं ओळखायचं? राग मानू नकोस, लोक विचारायला सांगतात.

मागे घेतानाच्या खुणांबद्दल योप म्हणतो की ओरडणं एवढी एकच कला त्याला येते आणि दादा नेमकी तीच बंद करतो आहे. आम्ही शेजाऱ्यांच्या करमणुकीसाठी यथासांग ओरडणार आहोत.

वहिनीने नाताळनंतर एक ओळ लिहिलेली नाही. पाय फार दुखतो का? तिला माझी आठवण सांग. तुमची माया अशीच असू दे.

तुझी,
रिन्स्के


फ्रानेकर,
११ फेब्रुवारी

चि. सौ. रिन्स्के हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओलीचा प्रश्न विचारलास ते बरं केलंस. हिवाळ्यानंतर दार उघडलं की आधी वास घ्यायचा. तळघरासारखा वास आला तर कुठेतरी पाणी शिरलं आहे. मग छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, कपाटांच्या आतल्या भिंती अंगठ्याने दाबत जायचं. भिंत दबली तर आतलं लाकूड गेलं. छतावरचे सांधे मी दर वर्षी धुऊन, वाकून वाकून बघतो. आमची गाडी कोरडी आहे. तरी तू स्वतः दाबून बघ, माझ्या शब्दावर घेऊ नकोस.

सामान भरून, दोघांनी आत बसून, गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. सगळ्यांना वाटतं आपण थोडंच घेतलं आहे. जड वस्तू खाली आणि चाकांच्या मधे ठेवायच्या, शेपटाकडे नाही. पाण्याची टाकी भरून कधी निघायचं नाही, पोचल्यावर भरायची. बटाटे नॉर्वेतही मिळतात.

गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, ती उलटली की नळी बदलायची, चांगली दिसत असली तरी. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं. गाडी चालू करण्याआधी सिलिंडर बंद. संडासाच्या पेटीच्या रबराला व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉनचा फवारा मिळतो तो मारा. पेटी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. ज्याला गाडी चालवायची आहे त्यानेच ती रिकामी करायची, असं योपला सांग. आमच्याकडे हाच नियम होता.

मागे घेण्यावरून मस्करी केलीत ती मला आवडली नाही. ओरडण्याचा काही उपयोग नसतो. इंजिन चालू असतं, पंखा चालू असतो, वारा असतो. माणसाला वाटतं आपण ओरडलो म्हणजे समोरच्याने ऐकलं. हे तुम्हा दोघांना नीट समजलं नसेल तर गाडी देण्याचा मला फेरविचार करावा लागेल.

तिनेकेचा पाय ठीक आहे. कापड दाखवलं, छान आहे म्हणाली.

तुझा,
वीबेदादा


फ्रानेकर,
२५ फेब्रुवारी

प्रिय रिन्स्केवन्सं,
स. न.

तुझ्या निळ्या कापडाचा तुकडा दोन आठवडे माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तुझ्या दादाला न सांगता लिहिते आहे. आज तो डिर्ककडे गेला आहे.

मी पायरीवरून घसरले नव्हते. ड्रेन्थेला आम्हाला मिळालेली जागा अरुंद होती, एका बाजूला कुंपण आणि मागे पाण्याच्या नळाचा सिमेंटचा खांब. खांब किती लांब आहे ते बघायला मी गाडीच्या अगदी मागे गेले. आरशात दिसत नव्हते, ती माझी चूक. गाडी येत राहिली. मी थांब म्हणून ओरडले. तीनदा ओरडले, रिन्स्के. दोन जागा सोडून बसलेला एक गृहस्थ हातातला काटा टाकून धावत आला, त्याला ऐकू गेलं. तुझ्या दादाला नाही. बंपरने मला ढकललं, पाय खांबाशी अडकला आणि घोटा गेला.

दवाखान्यात परिचारिकेने विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, पायरीवरून घसरली. मी तिला तेच लिहू दिलं. मला वाटलं होतं घरी आल्यावर बोलू. ते बोलणं आजपर्यंत झालेलं नाही.

त्या दिवसापासून तो गाडीच्या सीटवर बसलेला नाही. परत येताना डिर्कने ट्रेनने येऊन गाडी चालवत आणली. महिन्यातून एकदा गाडी हलवा असं तो तुम्हाला लिहितो ना? इथे ती सप्टेंबरपासून जागची हललेली नाही. एकतीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत काढली, त्याचे कान किती उरले असतील हे कोणीही सांगेल. पण कानाच्या यंत्राचं नाव काढलं की तो खोलीतून उठून जातो. आता म्हणे आपला फोनच बिघडला.

गाडीत चढायचं माझ्या मनात नाही हे त्याने परस्पर ठरवलं. रविवारी तो गिरणीच्या बाजूने फिरायला गेला की मी थर्मास घेऊन गाडीत जाऊन बसते. मला डेन्मार्कला जायचं आहे. मला त्याच्याशेजारी बसून नकाशा चुकवायचा आहे. आमचं भांडण, आमचं हसणं, सगळं त्याच गाडीत व्हायचं; घरात आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर बसतो.

तुझे पडदे बेतून झाले असतील, योप खिडकीपासून उठला आहे, आणि मी हे मागते आहे, त्याची मला लाज वाटते. पण गाडी घेऊ नकोस. ती गेली की तो त्या एका खोट्यासकट उरलेलं आयुष्य खुर्चीत बसेल.

तुझी,
तिनेकेवहिनी


झुटफेन,
४ मार्च

ती. वीबेदादास,
सा. न. वि. वि.

गाडी आम्हाला नको.

वहिनीने मला सगळं लिहिलं. तिच्यावर चिडू नकोस. पाच महिने ती तुझ्यासाठी खोटं बोलली आहे. मी मात्र चिडले आहे. तू मला टायरवरचे आकडे सांगितलेस, रबराला काय लावायचं ते सांगितलंस, आणि चालवणाऱ्याला ऐकू यायला हवं एवढंच सांगायचं राहिलं. वर योपच्या कानांना नावं ठेवलीस! त्याला निदान ऐकू येतं, तो लक्ष देत नाही एवढंच.

तू मुद्दाम काही केलं नाहीस हे मला समजतं, वहिनीलाही समजतं. चूक दोघांची झाली, ती गाडीच्या अगदी मागे गेली आणि ती तीनदा ओरडली तरी तुला ऐकू आलं नाही. पण तू तिची चूक तेवढी पायरीवर ढकललीस आणि तुझी चूक कुठेच ठेवली नाहीस. आता शहाण्यासारखा कान तपासायला जा. इंजिनाचा आवाज बदलला की तू बोट थांबवून बघायचास. स्वतःच्या बाबतीत एवढं का जड जातं?

योपला सांगितलं तेव्हा त्याने नकाशा घडी करून ठेवला आणि खिडकीशी गेला. मला फार वाईट वाटलं. तासाभराने म्हणाला की वीबेने गाडी देऊन टाकली तर तिनेके त्याला सोडणार नाही आणि सुखाने राहूही देणार नाही, त्यापेक्षा आपण दुसरी शोधू. मला या माणसाचं अधूनमधून आश्चर्य वाटतं.

पडदे शिवून झाले आहेत. तुमच्याच खिडक्यांच्या मापाचे आहेत, म्हणून पाठवते. लावायचे की नाही ते तू ठरव. रागाने लिहिलं, तरी प्रेमात कमी नाही.

तुझी,
रिन्स्के


फ्रानेकर,
१९ एप्रिल

चि. सौ. रिन्स्के हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला दीड महिना लागला. पहिले दोन आठवडे मी तुझं पत्र टेबलावर पालथं ठेवलं होतं. तिनेके रोज त्याच्याभोवतीने टेबल पुसायची.

मग गेलो. आता दोन्ही कानांमागे एकेक यंत्र आहे. समुद्रपक्षी एवढे किरकिर करतात हे मी विसरलो होतो. आपला फ्रिज इतका ओरडतो हेही नवीन. बटाटे सोलताना तिनेके पुटपुटते, आणि ते बहुतेक माझ्याबद्दल असतं. विचारलं तर म्हणाली, नऊ वर्षांपासून. यंत्रांची बॅटरी दर रात्री चार्जिंगला लावावी लागते, आणि आंघोळीआधी ती काढून ठेवायची हे मी एकदा विसरलो. दुरुस्त झालं.

योपला दुसरी गाडी बघायला मी येतो. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून, खिडक्या उघडून ठेवली असेल तर घेऊ नका, तो वास लपवतो आहे. भिंती मीच दाबून बघीन.

गेल्या शनिवारी आम्ही गावाबाहेर बीट साठवतात त्या आवारात गेलो. या दिवसांत ते मोकळं असतं. तिथवर डिर्कने गाडी नेली आणि तो सायकलने परत गेला. तिनेके मागे जाऊन उभी राहिली, आरशात पूर्ण दिसेल अशी, हात वर करून. मी रिव्हर्स टाकला. क्लचवरचा पाय उचलता येईना. ती तिथे उभी होती, हात वर, आणि माझा पाय उचलता येत नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी ती पुढे आली, दार उघडलं आणि मला म्हणाली, उतर.

बावीस वर्षांत तिने ही गाडी कधी चालवली नव्हती. चांगला पाय आधी टाकून चढली, सीट पुढे ओढली, आणि मला मागे जाऊन उभं राहायला सांगितलं. मी गेलो. त्या गाडीचं मागचं अंग मी शंभरदा धुतलं असेल, पण इंजिन चालू असताना तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. पांढरे दिवे लागले. रिन्स्के, ती गाडी फार मोठी आहे.

ती हळू येत होती. मग चाक उलट्या बाजूला वळलं आणि गाडी तिरकी होऊन माझ्या अंगावर येऊ लागली, पाठीमागे काँक्रीटची भिंत. मी हात वर केला. आरशात बघायचं सोडून ती गिअरकडे बघत असावी. मला हलायचं सुचेना. मी थांब म्हणून ओरडलो.

एकदाच ओरडलो. गाडी थांबली.

ती उतरून आली आणि मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. तिनेके तीनदा ओरडली होती. हे मी तिला तिथे, तोंडाने, पहिल्यांदा बोललो.

कळावे. आम्हा दोघांवरचा लोभ ढळू देऊ नये.

तुझा,
वीबेदादा