वरची खोली बंद करताना

२ नोव्हेंबर

पोचले एकदाची. 'घर लहान आहे' असं लग्नाआधी यांनी बजावलं होतं, ते साफ खोटं. घर चांगलं दोन मजली आहे. लहान आहे ती शेगडी, आणि ती एकटी सगळ्या घराला पुरी पडत नाही.

हे रस्त्यावरचा बर्फ हटवण्याच्या यंत्रावर चालक आहेत. म्हणजे बाकीची दुनिया रजईत शिरते तेव्हा यांना घाटावर मुक्काम. घरात यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आणि यांच्या गेलेल्या बायकोची आठ वर्षांची मुलगी. घास गिळायचं सोडून गालात साठवून ठेवते, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. मला ती 'अहो' म्हणते, जणू मी विजेचं मीटर बघायला आलेय. असू दे. लग्नालाच इतकी वर्षं थांबले, तर 'आई' म्हणवून घ्यायला आणखी एक हिवाळा थांबायची माझी तयारी आहे.

५ नोव्हेंबर

हे सकाळीच घाटावर गेले आणि त्यांच्या जागी थंडी राहायला आली. नळाचं पाणी हाताला चावतं.

इथे हिवाळाभर सगळे खालीच शेगडीपाशी राहतात. वरच्या खोलीत जादा रजया, कांदे, मोडक्या खुर्च्या कोंबायच्या, दाराला बाहेरून कडी घालायची आणि फटींवर पिठाच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. मग थंडी सरेपर्यंत दार उघडायचं नाही. त्याआधी एक काम मात्र न चुकता करायचं. जिन्यावर उभं राहून घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची, आणि प्रत्येकाने खालून ओ द्यायची. चार माणसांच्या घरात हजेरी घ्यायला मी काय शाळेतली बाई आहे, असं मी म्हटलं. वन्संना हसू आलं नाही.

६ नोव्हेंबर

सकाळी खारूला रागावले. मी तिच्याच स्वेटरसाठी काढलेली लोकर तिने कात्रीने कापून ठेवली होती. ती पाय आपटत निघून गेली आणि मला वाईट वाटत राहिलं.

दुपारी खोली बंद केली. वन्संचा गुडघा धरलाय, त्यामुळे जिना माझ्याच वाट्याला. खळ गार होत चालली होती, बोटं बधिर झाली होती. कुठे एकेकाला हाका मारत बसा? कडी घालता घालता 'आहात ना सगळे खाली?' एवढंच विचारलं. खालून 'हो' आलं. भराभर पट्ट्या चिकटवून टाकल्या.

संध्याकाळी खारू स्वतःहून जेवायला आली. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, वाढ ना."

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि नळापाशी जाऊन पोटभर रडून घेतलं.

७ नोव्हेंबर

दिवसभर बर्फ. खारू माझ्या मागे मागे. लोकर गुंडाळायला बसली, भांडी पुसली. जेवतेही शहाण्यासारखी, घास गेला की लगेच गिळते. फक्त हात फार गार लागतात तिचे, शेगडीपाशी बसूनसुद्धा.

वर काहीतरी ठोकल्यासारखं वाजतंय. वन्सं म्हणाल्या, थंडीने लाकूड आकसतं. खारूने मान डोलावली.

८ नोव्हेंबर

आज वन्संनी सहज विचारलं, हाका नीट मारल्या होत्यास ना. मी खरं ते सांगितलं. एकाच आरोळीत काम उरकलं, तुम्ही 'हो' म्हणालात की.

त्यांच्या हातातली बशी खाली पडली. "मी कधी म्हटलं गं? मी तर मागे कपडे काढत होते."

मग हळू आवाजात सगळं बोलल्या. बंद करताना माणूस आत राहिलं तर हे घर ते कमी पडू देत नाही. भर घालतं. वन्संच्या लहानपणी त्यांची आत्या अशीच आत राहिली होती. थंडी सरल्यावर दार उघडलं, तेव्हा आत ती मरून पडलेली. आणि खाली तीच पोळ्या लाटत होती.

मी मागे वळून पाहिलं. खारू दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

९ नोव्हेंबर

सकाळी वन्सं सुरी घेऊन पट्ट्या कापायला जिना चढल्या. आणि पडल्या. श्वास आहे, बोलता येत नाही. डोळे सारखे जिन्याकडे. रस्ता बंद, फोन बंद.

खारू म्हणते, आत्याचा पाय घसरला. तेव्हा ती स्वतः वर जिन्यावर काय करत होती, ते मी विचारलं नाही.

वरचं ठोकणं हलकं झालंय. मला जायला हवं. कळतंय मला. पण ही मांडीवर डोकं ठेवून पडलीय आणि म्हणते, आई, दार उघडलंस तर ऊब जाईल. मला ही सोडवत नाही. लिहिताना लाज वाटते, पण सोडवत नाही.

१० नोव्हेंबर

वरून हाक आली. 'अहो'. अगदी बारीक. परत नाही आली.

ही माझा पदर धरून बसलीय. बास झालं. वही पेन्सिल स्वेटरच्या खिशात, सुरी हातात. जाते –

सापडली. रजयांच्या ढिगात, ओठ निळे पडलेत. श्वास आहे. पोटाशी घेऊन बसलेय. हात, पाय, पाठ – चोळतेच आहे. गालात कांद्याचा तुकडा, अजून तसाच. माझी ती. हीच माझी –

दार मागून ओढलं गेलं. कडी पडली.

बाहेर दारावर खळीचा ब्रश फिरतोय. सावकाश. वरून खाली.

११ –

तिला जाग आलीय. थरथरतेय, पण बोलते. बाबा कधी येणार विचारते.

गाडीचा आवाज. यांचीच. आम्ही दोघी दार ठोकतोय – माझा घसा बसलाय, आवाज –

जमिनीच्या फळ्यांतल्या फटीतून खालचं दिसतंय. हे आत आले. खालची ती मुलगी धावली, यांनी तिला उचललं. हसतायत. वन्संना पाहिलं, आता घाबरलेत. विचारतायत, वर कोण ठोकतंय –

खाली कुणीतरी उठलं. बाईमाणूस. आवाज माझा. म्हणतेय, वरचं राहू दे, तुम्ही आधी जेवून घ्या, मी –