खळ, गाय आणि मधला चौकोन

ती. शुभांगीताईस,

नाशिक रोडहून साईचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात खळीने चिकटलेत, त्यामुळे सध्या जोडलेलेच आहेत). मालेगावात भाऊजींची तब्येत आणि त्यांचे माग, दोन्ही सुरळीत चालू असतील. आयुषचा हलणारा दात पडला का? सासूबाईंना माझा वेगळा नमस्कार सांग, एकत्र सांगितलेला त्यांना चालत नाही. तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. अक्षराला हसू नकोस. बारावी अर्धी सोडल्यापासून मी टेम्पोच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' रंगवण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही.

तर मी सापुताऱ्याला मध विकायला गेलो होतो (मधमाश्यांची हकीकत वेगळी आहे, डावा डोळा आता उघडतो). परत आलो तर घरात गोधडीचा कारखाना. तृप्तीवहिनीची आई, गोजरामावशी, घोटीहून तांदळाचं पोतं घेऊन बाळंतिणीसाठी आल्यात. रविदादाच्या लेकीची पहिली गोधडी घरातल्या जुन्या कापडांचीच व्हायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आईची निळी साडी, बाबांचं धोतर, वहिनीची ओढणी, दादाचा ड्यूटीचा शर्ट, माझा चौकडीचा शर्ट (मी घालत होतो अजून). आणि मधला चौकोन बाळाच्या आत्याच्या, म्हणजे तुझ्या कापडाचा. त्यांच्याकडे तशीच रीत. कपाटात खाली तुझा शाळेतला पोपटी परकर सापडला.

आता खळ. ताई, तू कपड्यांच्या गावात राहतेस, तुला यात काही वाटणार नाही, पण मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. जुनी साडी म्हणजे काय, हातात धरली तर पाण्यासारखी ओघळते. सरळ कापायला जावं तर कात्रीखालून पळते, घडी घालावी तर उलगडते. तीच साडी भाताच्या पातळ पेजेत बुडवली, पिळली, सावलीत वाळवली आणि इस्त्री फिरवली की कागदासारखी कडक. जिथे मोडाल तिथे मुडपून राहते. चौकोनाला चौकोन लागतो, कोपऱ्याला कोपरा भिडतो, सुई आपोआप सरळ चालते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मी कितीतरी गावं फिरलो, धरणाचे दरवाजे उघडताना पाहिलेत, पण उरलेल्या पेजेने कापडाला कणा येताना पहिल्यांदा पाहिला.

मग अर्थातच मी म्हटलं, पुढची खळ मी करणार. मावशी नको म्हणत होत्या, पण तेवढ्यात बाळ रडलं आणि त्या आत गेल्या. माझा विचार असा की पातळ खळीने कापड एवढं ताठ होतं, तर घट्ट खळीने काय होईल. भात जास्त घातला, गाळायचं राहिलं, आणि चव बघताना अळणी लागली म्हणून मूठभर मीठ टाकलं (पेज म्हटलं की मीठ, यात माझं काय चुकलं?). दोन वाट्या पिऊनसुद्धा घेतली. उरलेल्या खळीत आईची साडी बुडवून गॅलरीत टाकली.

ताई, संध्याकाळी ती साडी उभी राहिली. दोरीवरून काढली तर पडेचना. मी भिंतीला टेकवून ठेवली, तर टेकून उभी. निऱ्यांच्या जागी थोडी फुगलेली, वर पदरासारखा भाग एका बाजूला कललेला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून येताना तिला वाट दिली. तेवढ्यात दादा ड्यूटीवरून आला. दारात थांबला. चपला नेहमी भिरकावतो, त्या काढून शेजारी शेजारी लावल्या. आई गेल्यापासून घरात त्याला कुणी विचारलं नव्हतं, उशीर का झाला म्हणून. त्या दिवशी त्याने आपणहूनच सांगितलं, साडीकडे बघत, की बस मिळाली नाही. मग आत निघून गेला.

मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आरं पोरा, ही खळ हाय का लापशी?" साडी पुन्हा भिजवली, धुतली. पण बाकीचे कापलेले चौकोन मी त्याच खळीतून काढून खाली कंपाउंडच्या दोरीवर टाकले होते, हे सांगायचं राहिलं. आपल्या कॉलनीतली तांबडी गाय तुला माहीत आहे. मीठ लावलेला भात म्हणजे तिला जेवणाचं आमंत्रणच. मी पोहोचलो तेव्हा ती डोळे मिटून चघळत होती, तोंडातून एक टोक बाहेर. ओढायला गेलो तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तिच्या ताटातलं घेतोय.

गेला तो नेमका मधला. पोपटी. आता मावशींनी चारी बाजूंनी जोडत आणलंय, मधे भोक. त्या भोकातून फरशी दिसते. बाळालाही अजून नाव नाही, सगळे चिऊ म्हणतात. बारसं रविवारी ठेवलंय, पण कानात नाव सांगायला आत्या कुठे आहे असं कुणी विचारलं की दादा टीव्हीचा आवाज वाढवतो.

एक शेवटचं सांगतो. गोधडी शिवून झाली की धुवायची. खळ सगळी पाण्यात निघून जाते, कापड पुन्हा मऊ होतं, पण टाके जिथल्या तिथे. मला हे ऐकून रात्रभर (बरं, अर्धा तास) झोप आली नाही.

तुझा डाव्या डोळ्याने सुजलेला,
साई

ता. क. मधल्या चौकोनासाठी तुझी कुठलीही जुनी साडी घेऊन ये. पार्सल करू नकोस, आमच्या जिन्यात वस्तू हरवतात. स्वतः ये, रविवारच्या आत.

ता. क. २. भाऊजींना वाचून दाखवू नकोस. गायीने खाल्ला तो माझा चौकडीचा. तुझा पोपटी दोरीवर नव्हताच. दादाने तो आधीच उचलून स्वतः खळीत घातला होता, मावशींना विचारून, पातळ. मग इस्त्री केली. ज्या माणसाने स्वतःच्या शर्टाला कधी इस्त्री लावली नाही, तो त्या एवढ्याशा तुकड्यावर वाकून बसला होता, कोपरे बोटाने दाबत. आता तो त्याच्या उशीखाली आहे. मावशींनी मागितला तर म्हणाला, "ती आली की देतो." बाळाचा फोटो आधी ग्रुपवर टाकला, तुला फोन नंतर, आणि बातमी तुझ्या सासूबाईंना तुझ्याआधी कळली, हे त्याला कळलंय. पण तो फोन करणार नाही आणि तू उचलणार नाहीस, म्हणून मी गायीवर ढकललं. तिची हरकत दिसली नाही.

ता. क. ३. मावशी म्हणतात, खळ लावलेलं कापड न शिवता फार दिवस ठेवलं की त्याला कसर लागते.